पात्याच्या आतला मासा

व्हिडिओ सातव्यांदा लावला, तेव्हा दादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला म्हणून समोरचं काही बदलणार नव्हतं. पडद्यावर शिवणताई निळं कापड कापत होत्या. कात्री एकदा चालली, दोनदा चालली, तिसऱ्यांदा त्या थांबल्या. हात झटकला. दादांच्या कारखान्यातली कात्री बाजूला सारली आणि लाल मुठीची दुसरी उचलली. "राहू दे, आज हिने कापू," एवढंच म्हणाल्या आणि पुढे बाहीचा गोल कसा काढायचा ते सांगू लागल्या. खाली अकरा हजार लोकांनी एकच प्रश्न विचारला होता, की ताई, कात्री का बदलली?

"बघा, इथे त्यांचा चेहरा बघा," भाऊ म्हणाला. "काहीतरी बिनसलंय."

"चेहरा काय बघायचा त्यात? कात्री खाली ठेवली ते बघ," दादा म्हणाले. "लाल मुठीवाल्यांनी फोडली तिला. आज येऊन तेच सांगणार."

रविवार होता, खाली कारखाना बंद होता आणि वरच्या खोलीत दादा, त्यांची थोरली मुलगी, मुलगा भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी, अशी चौघं जण टेबलाभोवती बसली होती. अकरा वाजता शिवणताई यायच्या होत्या. त्यांच्याशी केलेला तीन वर्षांचा करार महिनाअखेर संपत होता. चार वर्षांपूर्वी या घरावर काय वेळ आली होती ते चौघंही विसरली नव्हती. निम्मी यंत्रं झाकून ठेवलेली, आणि शिंप्यांच्या बाजारात दादांच्या कात्र्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या. मग ही बाई आपल्या घरातल्या खोलीतून कपडे शिवायला शिकवता शिकवता एक दिवस म्हणाली, 'ही कात्री चांगली आहे.' तिचं ऐकणारे नऊ लाख लोक होते. झाकलेली यंत्रं महिन्याभरात उघडली.

"मी आधीच सांगतो," भाऊ म्हणाला, "कोणी त्यांना जाब विचारायचा नाही. नातं असं एका व्हिडिओने तुटत नसतं."

त्याच्या बोलण्यात थोडा तोरा होता, आणि तो त्याने कमावलेला होता हे कबूल केलं पाहिजे. बाकीचे कारखानदार अशा लोकांना पाठ करायला तीन-तीन पानं धाडतात, हे म्हणा, ते म्हणू नका, हसून म्हणा. भाऊने पहिलं वर्षभर काहीच मागितलं नाही. कात्रीबरोबर एक चिठ्ठी घातली होती, 'वाईट वाटली तर वाईट म्हणा.' बाईने म्हटलंही. मूठ घामाने निसटते म्हणाली, सगळ्यांच्या देखत. दादा दोन दिवस जेवले नव्हते. भाऊने मूठ बदलून घेतली, नवी कात्री पाठवली, आणि बाईने तेही सगळ्यांच्या देखत सांगितलं. त्या दिवसापासून लोकांचा विश्वास बसला तो बसलाच. दर सोमवारी तो तिला फोन करायचा. तिला काय अडतंय, लोक काय विचारताहेत, पुढच्या हिवाळ्यात ती काय शिकवणार आहे, सगळं वहीत उतरवायचा. आणि दादा? दादा पाहुण्यांना सांगायचे, "नशीब हो. बाई आपणहून सापडली." हे ऐकलं की भाऊ वही मिटून खाली निघून जायचा. का, ते फक्त त्यालाच माहीत.

तसं वहिनीलाही माहीत होतं, पण तिचं दुखणं निराळं होतं.

"सोमवारी दोन तास," ती उशांचे अभ्रे ताणत म्हणाली. अभ्रे आधीच ताणलेले होते. "'हो ना, अगदी बरोबर, काय सुरेख सुचलं तुम्हाला!' लग्नाला बारा वर्षं झाली, मला कधी काही सुरेख सुचल्याचं आठवत नाही."

"अगं, ते काम असतं."

"असेल की. मी कुठे नाही म्हणते? काम करताना माणूस इतकं गोड बोलतो, हे आपलं नव्याने कळलं."

एरवी अशा टोल्यावर थोरली तिच्याकडे बघून डोळ्यांनी हसायची. शिवणताईंचं नाव निघालं की नणंद-भावजयीचं एका क्षणात गूळपीठ जमायचं. आज थोरलीने वर पाहिलं नाही. ती टेबलाच्या टोकाला, हात मांडीवर घेऊन बसली होती.

कारण ती कात्री कशामुळे खाली ठेवली गेली, ते खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

या घराण्याच्या कात्रीवर बाहेरून फक्त कारखान्याचं नाव असतं. पण स्क्रू काढून पाती वेगळी केली, की आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला आयुष्यात कधी दिसणार नाही अशा जागी, बारीक ठसा असतो. पातं कडक करण्याआधी हातोडीच्या एका टोल्यात तो उमटवायचा. ज्याने कात्री केली त्याचा. आजोबांचे तीन ठिपके होते, दादांचा मासा. भाऊला अठराव्या वर्षी पानाचा ठसा मिळाला, तेव्हा त्याने एकूण पाच कात्र्या केल्या होत्या आणि त्यातल्या दोन कापत होत्या. थोरलीच्या वेळी दादा म्हणाले, "हिचं लग्न व्हायचंय, ठसा काय सासरी न्यायचाय?" लग्न झालं. चौदा महिन्यांनी ती परत आली. त्याच वर्षी दादांचा हात थरथरायला लागला, म्हणून ती खाली त्यांच्या जागेवर बसली, आणि ठशाचं विचारलं तेव्हा दादा म्हणाले, "बघू." त्या 'बघू'ला आता एकोणीस वर्षं झाली होती. रोज सकाळी ती दादांकडून माशाचा ठसा मागून न्यायची, दिवसभर तो आपल्या कात्र्यांवर मारायची आणि संध्याकाळी परत आणून द्यायची. दादा तो मोजून घेतल्यासारखा हातात घ्यायचे, आणि ठसा तर एकच होता.

आणि पंधरा दिवसांपूर्वी भाऊच्या खणात ती कागद शोधायला गेली, तर तिथे एक कोरा करकरीत ठसा. सुईचं नेढं. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'शिवणताई, नव्या करारासोबत भेट. दादांची संमती आहे.'

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेरची बाई. कानस कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नसलेली. तिला चार वर्षांत ठसा, आणि मला बघू! सगळं जग तिला ताई म्हणतं, घरातही तीच ताई. 'ताईंचा फोन आला' असं भाऊ म्हणाला, की थोरली एकदा तरी मान वर करायची आणि मग तिला कळायचं की ती ताई आपण नव्हे.

त्या दिवशी शिवणताईंसाठी कात्री जायची होती. वर्षातून तीनदा जायची, आणि दर वेळी ती आधी दोन दिवस थोरलीच्या टेबलावर असायची. असं का, हे कोणी विचारलं नव्हतं. थोरली त्या बाईचा प्रत्येक व्हिडिओ बघायची. आवडीने नव्हे, जळून. पाच-पाच वेळा बघायची, चूक काढायला. चुका फार सापडल्या नाहीत, पण अंगठा सापडला. तिसऱ्या-चौथ्या कापाला बाई थांबते, कापड सारखं केल्याचं नाटक करते आणि टेबलाखाली अंगठा चोळते. प्रेमाच्या माणसाला हे दोन वर्षं दिसलं नसतं, मत्सर करणाऱ्याला महिन्यात दिसलं. आणि एकदा दिसल्यावर कारागिराला चैन पडेना. थोरलीने स्क्रू पाव फेरा सैल केला, पात्यांचा बाक त्या मानाने बसवून घेतला, अंगठ्याचं कडं आतून घासून रुंद केलं. कोणाला सांगितलं नाही. त्या बाईचं आपण काही भलं करतो आहोत हे तिला स्वतःलाही कबूल करायचं नव्हतं.

या खेपेला मात्र तिने कात्री फळीवरून उचलली आणि तशीच, घट्टच्या घट्ट, वहिनीपुढे ठेवली. "घाल पाकिटात."

दाराची घंटा वाजली.

शिवणताई पडद्यावर दिसतात त्यापेक्षा बुटक्या आणि थकलेल्या निघाल्या. पन्नाशीच्या असतील. कानामागे केस खोचलेले, हातात कापडी पिशवी. त्यांनी दादांना नमस्कार केला, वहिनीला "तुमच्या पाकिटाची गाठ मी कधी कापत नाही, सोडवते," असं म्हणाल्या, आणि वहिनीचा चार वर्षांचा राग त्या एका वाक्याने अर्धा उतरला. तिचं तिलाच ते आवडलं नाही.

भाऊ सरसावला. "ताई, आधी एक सांगतो. परवाच्या व्हिडिओबद्दल आमचं काहीही म्हणणं नाही. तुम्ही मोकळेपणी वागता म्हणूनच..."

"माझं आहे ना म्हणणं," शिवणताई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी टॉवेलची गुंडाळी काढली, उलगडली आणि कात्री टेबलावर ठेवली. "ही कोणी केली?"

"आमच्याच कारखान्यातली आहे," दादा म्हणाले. "शंकाच नको."

"कारखान्याचं नाही विचारत, दादा. माणसाचं विचारतेय." त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती, उघड दिसण्यासारखी. "सांधा गेलाय. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं, कापणं बंद करा. मी कोणाला बोलले नाही. शिवण शिकवणाऱ्या बाईला कापता येत नाही, हे कळलं तर कोण बघेल? आणि त्याच महिन्यात तुमच्याकडची कात्री आली. हातात घेतली आणि दुखलंच नाही. मी भाऊंना म्हटलं होतं फोनवर, तुम्ही माझा हात ओळखलात. हो की नाही, भाऊ?"

भाऊला आठवलं. स्पष्ट आठवलं. तो म्हणाला होता, 'आमचं बारीक लक्ष असतं, ताई.' त्याला ते आपलं कौतुक वाटलं होतं, त्याच्या माणसं ओळखण्याचं, जोडण्याचं. कोणी दिलेलं कौतुक परत कोण करतं?

"तर या वेळी काय झालं?" त्यांनी विचारलं. "सांगून केलं नव्हतं, म्हणून न सांगता बंद केलं का? मी कॅमेरा बंद करून रडले, भाऊ. अंगठ्यामुळे नाही. म्हटलं, ते माणूस गेलं, किंवा आपल्यावर रागावलं."

भाऊने दादांकडे पाहिलं, मग कात्रीकडे. तोंड उघडलं. काहीतरी चांगलंच सुचलं असावं, कारण त्याला नेहमी सुचतं. वहिनीने नवऱ्याचा तो चेहरा ओळखला. आता हा थाप मारणार, आणि ही बाई पुढची चार वर्षं त्या थापेवर हो ना, अगदी बरोबर म्हणत राहणार. वहिनीला ते सोसवेना.

"ह्यांना काही माहीत नाही," ती म्हणाली. "तुमची कात्री दर वेळी दोन दिवस वन्संच्या टेबलावर असते. पाकीट मी भरते, म्हणून मला माहीत. या वेळी ती तासाभरात माझ्याकडे आली."

थोरलीने वहिनीकडे पाहिलं. आपल्या बाजूचं म्हणून घरात एकच माणूस होतं, आणि त्याने भर बैठकीत हे केलं. वहिनीने नजर चुकवली नाही. "मी काय खोटं बोलले, वन्सं?"

"नाही."

"ताई?" भाऊ म्हणाला, आणि या खेपेला ताई कोण ते सगळ्यांना कळलं.

"मीच करत होते," थोरली म्हणाली. "आणि या वेळी मीच केलं नाही. विसरून नाही. मुद्दाम."

दादांचा हात टेबलावर आपटला, की थरथरीनेच पडला, ते कळलं नाही. "मुद्दाम? घराचं नाव नऊ लाख लोकांपुढे..."

"कुठल्या घराचं, दादा? त्या नावात मी कुठे आहे?" तिचा आवाज चढला नव्हता, तो उलट बसला होता. "भाऊच्या खणात ठसा आहे. नेढ्याचा. ह्यांच्यासाठी. एकोणीस वर्षं मी तुमचा ठसा उसना मागून नेते, आणि ह्यांना नवाकोरा, न मागता. मला यांचा हेवा वाटला. अजून वाटतोय. अंगठा दुखेल हे मला माहीत होतं. दुखू दे, असं वाटलं."

शिवणताई तिच्याकडे बघत राहिल्या. हसून सोडून द्यावं, असं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"दुखलं," त्या म्हणाल्या. "तीन दिवस वेणी घालता आली नाही मला."

थोरलीने मान खाली घातली. "चूक झाली."

"चूक नाही, तुम्ही म्हणालात ना मुद्दाम. मग मुद्दामच राहू द्या, तेच खरं आहे." त्या भाऊकडे वळल्या. "आणि कसला ठसा? मला कशाला ठसा?"

"आदर म्हणून," भाऊ चाचरला. "तुमच्या नावाची कात्री काढायची होती. आत तुमची खूण. नातं कायमचं व्हावं, म्हणून..."

"मी कात्री वापरते. करत नाही. माझी खूण मारून लोकांना विकायची म्हणजे खोटं सांगायचं. मी खोटं सांगत नाही म्हणून तर लोक माझं ऐकतात, आणि म्हणून तर तुम्ही माझ्याकडे आलात." त्यांनी पिशवी जवळ ओढली. दादा खुर्चीतून अर्धे उठले, की ह्या निघाल्या! पण त्यांनी पिशवीतून करार काढला. "लाल मुठीवाल्यांनी बोलावलंय, हे खरं आहे. भरपूर देतायत. माझा अंगठा त्यांनी पाहिलेला नाही. मी इथे तीन काय, पाच वर्षं राहीन. पण माझं बोलणं ज्या हाताने कात्री केली त्याच्याशी होईल. सोमवारचा फोन ह्यांना. आणि बाई, पुन्हा माझा राग आला तर फोनवर शिव्या द्या. अंगठ्यावर काढू नका. हे कागदावर लिहून हवंय मला."

"शिव्यांचंही?" वहिनीने विचारलं.

"तेच आधी."

वहिनी हसली आणि मग तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. चार वर्षं, दोनशे सोमवार, वहीची पानंच्या पानं. 'वाईट म्हणा' ही चिठ्ठी त्याने पाठवली होती. मूठ त्याने बदलून घेतली होती. आणि एका वाक्यात ते सगळं बहिणीच्या पदरात पडलं. "म्हणजे मी मध्ये नकोच," तो म्हणाला, हसण्याचा प्रयत्न करत. "बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, आमची खपेनाशी झाली."

"तुम्ही मला आणलंत, भाऊ. ते कुठे जात नाही," शिवणताई म्हणाल्या. पण ते सांत्वन होतं, आणि सांत्वन कसं लागतं ते भाऊला आज कळत होतं.

थोरलीने भावाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा तो रंग तिच्या ओळखीचा होता. एकोणीस वर्षं रोज सकाळी आरशात पाहिलेला. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट थोड्या वेळाने वाटलं.

दादा उठले. भाऊच्या खणातून नेढ्याचा ठसा घेऊन आले आणि थोरलीपुढे ठेवला. "घे. यांना नकोय. तू घे हा. आजपासून तुझा."

ते मनापासून बोलत होते, हीच पंचाईत होती. एवढी वर्षं ज्यासाठी काढली ते टेबलावर पडलं होतं, आणि ते दुसरीच्या मापाने घडवलेलं होतं. वहिनीला वाटलं, वन्सं घेतील. मी असते तर घेतलं असतं.

"यांनी टाकलेलं नको," थोरली म्हणाली.

"बरं, मग नवीन घडवू," दादा घाईने म्हणाले. "फूल, पान, तू म्हणशील ते. बोल, काय हवं?"

"मासा."

"मासा माझा आहे."

"तुम्ही शेवटची कात्री कधी केलीत, दादा?"

दादांनी टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. शिवणताईंनी टेबलावरची कात्री हलकेच स्वतःकडे ओढली आणि टॉवेलमध्ये गुंडाळली, ऐकत नसल्यासारखं करायला काहीतरी हवं म्हणून.

"बाजारात धार लावणारे कात्री उघडतात, मासा बघतात आणि म्हणतात, दादांच्या हाताला तोड नाही. तुम्ही येऊन मला सांगता ते. खूश होऊन सांगता." थोरलीचे डोळे भरले, पण ती थांबली नाही. "मला तुमचासुद्धा हेवा वाटतो, दादा. ह्यांच्यापेक्षा जास्त. एकोणीस वर्षांत जेवढे मासे गेले, सगळे माझे आहेत. मला नवीन काही नको. जे माझं आहे ते द्या."

"ताई, अगं, त्यांच्या हयातीत..." भाऊ पुटपुटला, आणि बापाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. 'नशीब हो' म्हणणारा हाच बाप एरवी त्याला सोसवत नसे. वहिनी जागची हलली नाही. मग खुर्ची ओढून ती थोरलीशेजारी बसली.

दादांनी मुलीकडे पाहिलं. तिच्या बोटांना पडलेले घट्टे त्यांना दिसले असतील, नसतीलही. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. हात थरथरत होता म्हणून ठसा लवकर निघेना, आणि त्यांना मदत करायला कोणीही पुढे झालं नाही. शेवटी तो निघाला. बोटाएवढा पोलादी तुकडा, डोक्यावर हातोडीने चेपलेला. त्यांनी तो तिच्या तळहातावर ठेवला, पण बोटं लगेच सोडली नाहीत.

"संध्याकाळी आणून देशील ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, दादा," थोरली म्हणाली.